मोठी एसयूव्ही घेताना कान दडपतात का, हेही बघा

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा कर ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. त्याआधी ४ मीटरपेक्षा लांब, १५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या आणि जमिनीपासून तळाची उंची १७० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असलेल्या गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस होता. सेस गेला, किमती उतरल्या, आणि मुंबईतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जागा पुरेना झाली. जिथे दोन हॅचबॅक मावत होत्या तिथे आता एक सात आसनी गाडी तिरकी उभी असते आणि वॉचमन सगळ्यांना इंटरकॉम करत बसतो.

गाडी बुक करताना चर्चा होते ती मायलेजची, सनरूफची, स्क्रीनच्या इंचांची आणि वेटिंगची. पहिल्या लांबच्या फेरीनंतर मात्र घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘मागे बसलं की कान दडपल्यासारखे होतात.’ दुसरं कुणी म्हणतं, ‘डोकं जड होतं.’ चालवणाऱ्याला काहीच जाणवत नाही. सर्व्हिस सेंटरवाला एक चक्कर मारून येतो आणि ‘नॉर्मल आहे’ सांगतो. या तक्रारीमागे खरंखुरं भौतिकशास्त्र आहे आणि बऱ्याच अंशी ती पैसे भरण्याआधीच पकडता येते. फक्त शोरूमवाले देतात तशी पंधरा मिनिटांची, एसी फुल आणि गाणी चालू असलेली टेस्ट ड्राइव्ह त्या कामाची नाही.

गाडीच्या केबिनमध्ये दाब असतो का?

विमानात असतो तसा नसतो. विमानाची केबिन हवाबंद करून तिच्यात दाब राखावा लागतो. गाडी हवाबंद नसते. मागच्या बंपरच्या आड किंवा डिकीच्या बाजूला रबरी पडद्यांच्या झडपा असतात. एसीचा पंखा बाहेरची हवा आत ढकलतो, ती हवा या झडपांतून बाहेर पडते. म्हणूनच सगळ्या काचा बंद असतानाही दार लागतं. त्या क्षणी कानाला जो हलका धक्का बसतो, ती झडपांकडे निघालेली हवा. या झडपा सामानाने किंवा नंतर बसवलेल्या अस्तराने बुजल्या असतील तर दार जोरात आपटल्याशिवाय लागत नाही. शोरूममध्येच करून पाहा: सगळ्या काचा वर करून दार लावा, मग एक काच खाली करून लावा. दोन्हींत थोडा फरक पडणारच. पण काचा बंद असताना दोन-तीनदा आपटावं लागत असेल तर विचारा.

खंडाळ्याचा घाट चढताना कान बसतात ती गोष्ट वेगळी. मुंबई समुद्रसपाटीला, लोणावळा सुमारे ६२० मीटरवर. तेवढ्या चढात बाहेरच्याच हवेचा दाब जवळपास ७ टक्क्यांनी कमी होतो. गाडी लाखाची असो की कोटीची, तिचा त्यात दोष नाही. जांभई दिली, आवंढा गिळला की कानातली युस्टेशियन नळी उघडते आणि कान मोकळे होतात.

इथेच पहिली खूण हाती लागते. आवंढा गिळून बरं वाटलं तर तो हवेचा दाब होता. गिळूनही काही फरक पडला नाही आणि गाडी थांबताच बरं वाटलं, तर मामला दुसरा आहे.

मग कान दडपतात कशाने?

आवाजाने. इतक्या खालच्या पट्टीतल्या आवाजाने की तो नीट ऐकू येत नाही.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. सेकंदाला किती चढउतार झाले ते हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून वर ऐकतो. २० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यातला आवाज सूर म्हणून फारसा कळत नाही. कानाच्या पडद्यावर, छातीत दडपण म्हणून जाणवतो. याला या लेखापुरतं घुमारा म्हणू. इंग्रजी परीक्षणांत एनव्हीएच ही अक्षरं दिसतात, म्हणजे आवाज, थरथर आणि खडबडीतपणा यांचा एकत्र हिशेब. घुमारा हा त्यातलाच एक भाग, आणि सगळ्यात चकवा देणारा.

गंमत म्हणजे हा दाब अगदी क्षुल्लक असतो. दहा मजले लिफ्टने चढलात तर कानावरचा दाब सुमारे ३५० पास्कलने बदलतो आणि तुमचं लक्षही जात नाही. गाडीतल्या त्रासदायक घुमाऱ्याचा दाब अर्ध्या पास्कलच्या आसपास असू शकतो. पण तो सेकंदाला तीस-चाळीस वेळा आत-बाहेर होतो. युस्टेशियन नळी त्या वेगाने उघडझाप करू शकत नाही, आणि कानाचा पडदा तासभर हलत राहतो.

मोठ्याच गाडीत का?

गणपतीतला ढोल आठवा. टोल पडतो तो ताणलेल्या पानावर, आणि घुमते ती आतली हवा. मोठ्या एसयूव्हीत छताचा लांबरुंद पत्रा आणि डिकीचं भलंमोठं दार ही ती पानं, आणि केबिन हे पिंप. हॅचबॅकचं छत लहान आणि ताठ असतं. सात आसनी गाडीचं छत जवळपास दुप्पट, त्यात पॅनोरामिक सनरूफसाठी मधोमध मोठं भोक पाडलेलं. पत्र्याला खालून आडव्या पट्ट्यांचा आधार असतो आणि पट्टी व पत्रा यांच्यामध्ये चिकटद्रव्य. ते नीट बसलं नाही की पत्रा रस्त्याच्या प्रत्येक हादऱ्याला श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो.

ही पुस्तकी कल्पना नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या २०१५ सालच्या टाहो, सबर्बन, युकॉन या अवाढव्य गाड्यांच्या अनेक मालकांनी नेमकी कान दडपण्याची आणि डोकेदुखीची तक्रार केली होती. छताचं अस्तर उतरवून पट्ट्या आणि पत्रा यांच्यात पुन्हा चिकटद्रव्य भरणं हा तिथल्या दुरुस्तीचा एक भाग होता.

केबिनच्या लांबीचाही हिशेब आहे. तीन मीटर लांब केबिनमधली हवा साधारण ५७ हर्ट्झला स्वतःहून घुमायला तयार असते. दोन मीटरच्या केबिनमध्ये हाच आकडा ८५ च्या घरात जातो. आता इंजिन पाहा. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. १२०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांना, सेकंदाला २० फेरे होतात, म्हणजे ४० हर्ट्झ. १७०० ला ५७. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इंधन वाचवण्यासाठी शक्य तितक्या लवकर वरचा गिअर टाकतो आणि इंजिनला खालच्या आरपीएमला ठेवतो. म्हणजे वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर ४५-५०च्या संथ गतीने सरकताना मोठी डिझेल गाडी नेमकी या पट्ट्यात फिरत असते. घुमारा हा फक्त शंभरच्या स्पीडचा आजार आहे असं समजू नका. आपल्याकडे तो गोरेगाव ते वांद्रे यांच्यामध्येही भेटतो.

त्यात आणखी एक मेख आहे. लांबीच्या दिशेने घुमणाऱ्या हवेचा दाब केबिनच्या दोन्ही टोकांना जास्त असतो आणि मध्ये सगळ्यात कमी. शोरूमचा सेल्समन घरच्यांना कुठे बसवतो? मधल्या रांगेत, कॅप्टन सीटवर. तिसऱ्या रांगेत टेस्ट ड्राइव्हला कुणी बसतच नाही, आणि पुढे आयुष्यभर तिथे मुलं नाहीतर सासूबाई बसतात.

डेसिबलचं ॲप दाखवून उपयोग नाही

‘सर, आमच्या गाडीत फक्त ६५ डेसिबल येतात,’ असं म्हणून फोन पुढे केला जातो. आकडा खरा असू शकतो, तरी त्याने काही सिद्ध होत नाही. बहुतेक मोजणी ‘ए’ नावाच्या भारांकनाने होते. कान मंद आवाजात जसा ऐकतो तसं ते भारांकन खालच्या पट्टीतले आवाज वजा करतं. ३१.५ हर्ट्झला तब्बल ३९ डेसिबल वजा होतात. म्हणजे ८५ डेसिबलचा घुमारा हिशेबात ४६ धरला जातो आणि टायरच्या सळसळीत हरवून जातो. शिवाय फोनचे माइक बोलण्यासाठी बनवलेले असतात, खालचे आवाज ते बरेचदा गाळूनच टाकतात.

हौस असेल तर फोनमधला थरथर मोजणारा सेन्सर वापरा. फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत ॲप सेन्सरचा आलेख काढून कोणत्या हर्ट्झला टोक येतं ते दाखवतं. फोन हातात न धरता सीटच्या रुळाजवळ किंवा डिकीच्या सपाट भागावर घट्ट ठेवा. नाही जमलं तरी बिघडत नाही. कान आणि तळहात ही साधनं पुरेशी आहेत, फक्त त्यांना आधी ओळख करून द्यावी लागते.

आधी घुमारा ओळखायला शिका

सध्याच्या कोणत्याही गाडीत हे करता येईल. मोकळ्या रस्त्यावर ६०-७०च्या वेगाला मागची एकच काच अर्धी खाली करा. धप-धप-धप असा कानावर मार सुरू होईल. उघड्या काचेवरून जाणारी हवा आतल्या हवेला झोके देते, म्हणून असं होतं. सगळ्या गाड्यांत कमीअधिक होतं, हा दोष नाही. पुढची काच दोन बोटं खाली केली की मार थांबतो.

दडपण कसं असतं ते आता कानाला कळलं. टेस्ट ड्राइव्हला शोधायचं आहे ते याचंच मंद रूप, तेही सगळ्या काचा बंद असताना. संशय आला की कुठलीही एक काच बोटभर उघडा. लगेच हलकं वाटलं तर घुमाऱ्याची शक्यता मोठी.

टेस्ट ड्राइव्ह कुठे आणि कशी

शोरूमच्या गल्लीतून सर्व्हिस रोडला वळसा घालून परत, ही टेस्ट ड्राइव्ह नव्हे. तीस-चाळीस लाखांची गाडी घेणाऱ्याने तासभर मागायला लाजू नये. रविवारी सकाळी लवकर जा. किनारी रस्त्याच्या सरळ भागात ८०ची मर्यादा आहे, तिथे वेग धरून ठेवता येतो. बोगद्यात ६०ची मर्यादा आहे आणि टायरचा आवाज भिंतींवरून परततो, त्यामुळे तिथे निकाल देऊ नका. १०० पर्यंत जायचं असेल तर अटल सेतू. पावणेबावीस किलोमीटरचा सलग रस्ता मुंबईत दुसरा नाही. टोल तुम्ही भरा, सेल्समन खूश होईल.

निघण्याआधी टायरमधली हवा तपासा. दारावरच्या स्टिकरवर किती हवी ते लिहिलेलं असतं. डेमो गाड्यांत आणि यार्डातल्या गाड्यांत ती बरेचदा जास्त असते, आणि मग चांगली गाडीही उसळते. गाणी बंद, पंखा एकवर, काचा वर. सेल्समनला नम्रपणे सांगा की वैशिष्ट्यं परत आल्यावर ऐकू.

मग ४०, ५०, ६०, ७०, ८० असा एकेक वेग अर्धा-अर्धा मिनिट धरून ठेवा. क्रूझ कंट्रोल असेल तर उत्तम. घुमारा पाच-दहा किलोमीटरच्या अरुंद पट्ट्यात येतो. वेग सतत बदलत राहिलात तर तो तुम्हाला चुकवून जातो. प्रत्येक वेगाला मागे बसलेल्याने तळहात छताच्या अस्तराला लावावा, मग डिकीच्या दाराला. हाताखाली पत्रा फुरफुरत असेल तर ते लगेच कळतं. परत येताना चालकाने मागे जावं. मधली रांग, तिसरी रांग, दोन्हीकडे दहा-दहा मिनिटं. उंच माणसाला तिसरी रांग छळेल, पण ते तसंही आत्ताच कळलेलं बरं.

रस्त्याचे प्रकारही बदला. महापालिकेने शहरभर काँक्रीटचे रस्ते केलेत, त्यांच्या आडव्या खाचांवर गाडी वेगळाच सूर धरते. उड्डाणपुलांचे सांधे, पेव्हर ब्लॉकचा पट्टा आणि गुळगुळीत डांबर, हे सगळं त्या तासात यायला हवं. एकाच रस्त्यावर आवाज येतो आणि दुसऱ्यावर नाही, तर अर्धा दोष रस्त्याचा.

आणि घरातल्या सगळ्यात तक्रारखोर माणसाला बरोबर न्या. खालच्या आवाजाची जाणीव माणसागणिक फार बदलते. ज्याला बोट लागते, ज्याला मिक्सरचा आवाज सहन होत नाही, तोच इथे खरा परीक्षक. घरचे त्याला ‘तुला काहीही होतं’ म्हणत आले असतील. आज त्याचं ऐका.

थरथर कुठून येते ते कसं ओळखायचं

ज्या वस्तूच्या फेऱ्यांशी थरथर जुळते ती वस्तू दोषी. एवढं धरून चाललं तरी पुष्कळ उलगडा होतो. फॉर्च्युनरसारख्या गाडीचा २६५/६० आर१८ टायर एका फेऱ्यात सुमारे २.४ मीटर जातो. ताशी १०० ला तो सेकंदाला ११ ते १२ फेरे मारतो. चाकाचा तोल बिघडला असेल तर तेवढ्याच ठोक्यांची थरथर येते. स्टिअरिंग हललं तर पुढची चाकं बघा, सीट हलली तर मागची. मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत खालून जाणारा प्रोपेलर शाफ्ट याच्या साधारण चौपट वेगाने फिरतो, म्हणजे ४० ते ४५ हर्ट्झ. हा पुन्हा घुमाऱ्याचाच पट्टा. गाडी भरल्यावर शाफ्टचा कोन बदलतो, म्हणून काही गाड्या दोघांना घेऊन शांत असतात आणि सात जणांत कुरकुरतात.

निदानाची युक्ती सोपी आहे. ज्या वेगाला त्रास होतो तोच वेग धरून मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली आणा. आरपीएम वाढला, वेग तोच. त्रास गेला तर इंजिनाकडे, त्याच्या माउंटिंगकडे (त्याला धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांकडे) बोट. तसाच राहिला तर चाकं, शाफ्ट, रस्ता किंवा वारा.

सगळ्यात हळू थरथर सस्पेन्शनची. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेच्या ४ ते ८ हर्ट्झच्या हादऱ्यांना सर्वाधिक संवेदनशील असतं. स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर यांच्यासारख्या शिडीच्या चासीवरच्या, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावरच्या, गाड्यांत बॉडी रबरी माउंटिंगवर बसवलेली असते, त्यामुळे खड्ड्यानंतर एक जादा शहारा येतो. सफारी, एक्सयूव्ही७०० यांची बॉडी आणि चासी एकसंध, त्यांत तो कमी. खराब रस्त्यांवर जाणाऱ्याला आणि टोइंग करणाऱ्याला, म्हणजे मागे दुसरं वाहन ओढणाऱ्याला, शिडीचा फायदा आहे. ठाणे ते लोअर परळ रोज करणाऱ्याला त्याचं काय कौतुक, मला कळलेलं नाही.

‘मोठ्या गाडीत एवढं असतंच’

थोडं असतं, हे खरं. पण त्याच मॉडेलच्या दोन गाड्या वेगळ्या वागत असतील तर ‘असतंच’ हे उत्तर चालत नाही. म्हणून शक्य असेल तर दोन डेमो गाड्या चालवा, दुसऱ्या डीलरची का असेना.

‘इलेक्ट्रिक घेतली तर?’ इंजिनाचा घुमारा जातो, पत्रा राहतो. शिवाय इंजिनाचा आवाज नसल्याने टायर आणि रस्ता जास्त ऐकू येतात.

‘सीएसटी रोडवरच्या गाड्यांच्या बाजारात डॅम्पिंग, म्हणजे आवाज दाबणारं अस्तर, करून घेऊ.’ दारांत आणि छताला चिकटवतात त्या ब्युटाइलच्या पट्ट्यांनी पत्र्याची खणखण आणि पावसाचा ताशा नक्की कमी होतो. तीस-चाळीस हर्ट्झच्या घुमाऱ्यावर त्यांचा परिणाम तुटपुंजा, आणि वॉरंटीची कटकट वेगळी. त्यापेक्षा डिकीच्या दाराचे रबरी स्टॉपर बघा. बऱ्याच गाड्यांत ते हाताने फिरवून आतबाहेर करता येतात. ते ढिले असले की सगळं दार पानासारखं हलतं. दोन आटे फिरवून फरक पडल्याची उदाहरणं आहेत. दाराच्या रबर बीडिंगमध्ये दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथे पकड कमी आहे.

‘डोकं जड होतं, ते घुमाऱ्यानेच का?’ नेहमी नाही. मुंबईत धुळीमुळे आपण एसी सतत रीसर्क्युलेशनवर ठेवतो. पाच-सहा माणसं बंद काचांत तीच हवा श्वासात घेत राहिली की कार्बन डायऑक्साइड झपाट्याने चढतो आणि सुस्ती येते. दहा मिनिटं बाहेरची हवा घेऊन पाहा. आणि गाडीबाहेरही कान दुखत असेल किंवा वाजत असेल तर गाडीला बोल लावण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.

पैसे भरल्यावर

डेमो गाडीने मॉडेल कळतं, तुमची गाडी नव्हे. नोंदणीआधी यार्डात जाऊन पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीपूर्व तपासणी, करा. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात; ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. फार दिवस एकाच जागी उभ्या गाडीच्या टायरला सपाट डाग पडतात. सुरुवातीची थरथर त्याने असेल तर टायर तापल्यावर सहसा जाते. इंजिन चालू करून एसी लावा, तिसऱ्या रांगेत बसा, छताला हात लावा. बिनानोंदणीची गाडी स्वतः रस्त्यावर काढू नका.

नंतर त्रास निघालाच तर ‘आवाज येतो’ एवढंच सांगून गाडी सोडून येऊ नका. सर्व्हिस ॲडव्हायझरला तिसऱ्या रांगेत बसवून फिरवा आणि जॉब कार्डावर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, नेमकं लिहून घ्या: ‘सगळ्या काचा बंद, ४५ ते ५० किमी, १३०० आरपीएम, मागच्या रांगेत कानावर दाब, काच उघडल्यावर जातो, एक गिअर खाली घेतल्यावर जातो.’ प्रत्येक खेपेची प्रत जपून ठेवा. सदोष गाडी आपोआप बदलून देण्याचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, १९१५ ही हेल्पलाइन आहे, आणि ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या गाडीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. तिथे पहिल्यांदा मागितली जातात ती ही जॉब कार्डंच.